पोटाची वेळ आणि गाडीची वेळ

मुंबईच्या उपनगरी लोकलला शौचालय नसतं. कल्याण ते सीएसएमटी हे अंतर ५४ किलोमीटर. जलद गाडीनेही तासाहून अधिक वेळ जातो, आणि डोंबिवली सुटली की बऱ्याच जलद गाड्या थेट ठाण्यालाच थांबतात. ज्याचं पोट ठीक आहे त्याच्या हे लक्षातही येत नाही. ज्याच्या पोटाचा भरवसा नाही, त्याचा सगळा दिवस याच एका गोष्टीभोवती आखलेला असतो. असा माणूस जलद गाडी सोडून धीमी पकडतो, कारण कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी मध्येच उतरायची सोय असते. कुठल्या स्टेशनावर, कुठल्या फलाटाच्या कुठल्या टोकाला स्वच्छतागृह आहे, हे त्याला पाठ असतं. आणि सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणून तो सकाळी घरातून निघताना काही खातच नाही.

हे पुस्तक त्याच्यासाठी आहे, आणि त्याच गाडीत लेडीज डब्यात उभ्या असलेल्या बाईसाठी जरा जास्तच आहे. पुरुष निदान घरी आल्यावर सांगतो की आज पोटाने त्रास दिला. बाई तेही सांगत नाही. सांगितलं तरी संध्याकाळचा स्वयंपाक तिलाच करायचा असतो, आणि तो घरातल्या बाकीच्यांच्या आवडीचा असतो.

ठाणे ते कल्याण या पट्ट्यात आहारसल्ल्याचं काम करताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आले, त्यांतून हे पुस्तक तयार झालं. लोक येतात ते बहुधा जाड फाइल घेऊन. रक्त तपासलेलं असतं, सोनोग्राफी झालेली असते, काहींची कोलोनोस्कोपीही झालेली असते. सगळं नॉर्मल. ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की आपला त्रास खरा आहे की मनाचा खेळ, याचीच त्यांना शंका यायला लागते. म्हणून पहिल्याच पानावर स्पष्ट लिहितो: त्रास खरा आहे. त्याला नाव आहे, निदानाचे निकष आहेत, आणि उपायही आहेत.

नाव इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे बोलण्यातलं आयबीएस. २०१६ साली जाहीर झालेल्या ‘रोम-४’ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून एक दिवस तरी पोट दुखलं पाहिजे. शिवाय ते दुखणं शौचाला जाण्याशी, किती वेळा जावं लागतं त्यातल्या बदलाशी किंवा मळ घट्ट-पातळ होण्याशी जोडलेलं असलं पाहिजे, यांपैकी निदान दोन गोष्टींशी. आणि त्रास सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. कुणाला जुलाबाकडे झुकणारा आयबीएस असतो, कुणाला बद्धकोष्ठाकडे, कुणाला आलटून पालटून दोन्ही. आतड्याला जखम नसते, सूज नसते, गाठ नसते. बिघडलेलं असतं ते आतडं आणि मेंदू यांच्यातलं बोलणं. जेवणानंतर आतड्यात जो गॅस सगळ्यांच्याच होतो, तेवढ्याच गॅसने या लोकांच्या पोटात कळ येते. संवेदना पोहोचवणाऱ्या नसा जास्त जागरूक झालेल्या असतात. टायफॉइड, जुलाब-उलट्या किंवा आमांशाच्या एखाद्या जोरदार दुखण्यानंतर हे सुरू झालेलं पुष्कळदा दिसतं. जंतू जातो, पण आतडं पूर्वीसारखं शांत होत नाही.

आपल्याकडे हे किती आहे? इंडियन सोसायटी ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या अभ्यासगटाने २००८ साली देशभरातल्या केंद्रांमधून गोळा केलेली माहिती प्रसिद्ध केली. सर्वसामान्य लोकवस्तीतल्या ४,५०० जणांपैकी ४.२ टक्के लोकांत आयबीएसची लक्षणं सापडली. त्याच अभ्यासात दवाखान्यात आलेल्या २,७८५ रुग्णांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणांची तक्रार एकच होती: पोट पूर्ण साफ होत नाही. जवळपास एक तृतीयांश लोकांना दूध सोसत नव्हतं. आणखी एक गोष्ट त्यात निघाली, जी आपल्या घरांतल्या बोलण्याशी तंतोतंत जुळते. ‘मला बद्धकोष्ठ आहे’ म्हणणारे आणि ‘मला जुलाब होतात’ म्हणणारे, दोघांच्याही दिवसाकाठी शौचाला जाण्याच्या संख्येत फारसा फरक नव्हता. आपल्याकडे रोज पोट साफ होण्याला इतकं महत्त्व आहे, की एकदा जाऊनही समाधान झालं नाही तर माणूस पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, आणि तिथूनच दिवस बिघडायला लागतो.

आता सकाळची गोष्ट. झोपेतून उठल्यावर पोटात पहिलं काही गेलं, विशेषतः गरम, की मोठं आतडं हालचाल करायला लागतं. ही शरीराची स्वाभाविक क्रिया आहे आणि आयबीएसमध्ये ती जास्त जोरात होते. डोंबिवलीत साडेपाचला दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं घेतली, सहाला रिक्षाच्या रांगेत उभं राहिलं, सव्वासहाला फलाटावर, तर पोटाची हाक नेमकी गाडी हलल्यावर येते. यात नशिबाचा भाग काहीच नाही. अर्धा तास लवकर उठून तोच चहा पाचला घेतला आणि घरातच पोटाला वेळ दिला, तर कित्येकांचा गाडीतला त्रास निम्म्यावर येतो. पाचला उठणाऱ्याला साडेचारला उठा म्हणून सांगणं मला जड जातं. घरी पोचायला नऊ वाजणाऱ्या माणसाकडून आपण अर्ध्या तासाची झोप मागतो आहोत, याची जाणीव ठेवूनच हा सल्ला या पुस्तकात दिला आहे.

उपाशी निघण्याचा हिशेब मात्र उलटा बसतो. सकाळी काही खाल्लं नाही, की अकराच्या सुमाराला ऑफिसखाली वडापाव होतो, दुपारचा डबा तीन वाजता भराभर संपतो, आणि रात्री साडेनऊला पोटभर जेवण होऊन लगेच अंथरूण. दिवसभराचं अन्न असं अवेळी आणि घाईने पोटात गेलं, तर ते सोसायला चांगलं पोटही कुरकुर करतं.

आहाराने आयबीएस आटोक्यात आणण्याच्या ज्या पद्धतीचा आज सगळ्यात जास्त अभ्यास झाला आहे, ती ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नची. तिथल्या मोनाश विद्यापीठातले पीटर गिब्सन आणि आहारतज्ज्ञ सू शेफर्ड यांनी २००५च्या सुमारास ती मांडली. काही कर्बोदकं अशी असतात, की लहान आतड्यात ती नीट शोषली जात नाहीत. ती पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांच्यापासून गॅस तयार करतात. या गटाला फॉडमॅप असं नाव मिळालं. त्यात गहू-कांदा-लसणातले फ्रुक्टान येतात, कडधान्यांतली रॅफिनोज जातीची साखर येते, दुधातलं लॅक्टोज, काही फळांमधलं जास्तीचं फ्रुक्टोज, आणि फ्लॉवर, मशरूम किंवा शुगर-फ्री गोळ्यांमध्ये असणारे पॉलिऑल येतात. हे पदार्थ वाईट नाहीत. निरोगी आतड्यातल्या जिवाणूंचं ते पोषणच आहे. फक्त ज्याच्या नसा जागरूक झाल्या आहेत, त्याला त्यांनी आलेला ताण सहन होत नाही.

यादी वाचून मराठी माणूस घाबरतो, आणि त्याचं घाबरणं रास्त आहे. पोळी, कांदा-लसणाचं वाटण, मटकीची उसळ, चहा. एवढं काढलं तर उरतं काय? मामलेदारची मिसळ ठाणेकराला सोडायला सांगायची म्हणजे तर मोडाची मटकी, कांदा, लसूण, फरसाण, पाव आणि वरून तिखट, सगळं एकदमच सोडायला सांगणं आहे.

पण आपल्या स्वयंपाकघराला ही वाट अनोळखी नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरांत आषाढ शुद्ध नवमीला, कांदेनवमीला, भजी आणि थालिपिठं करून कांदा संपवला जातो आणि पुढचे चार महिने कांदा-लसणाशिवाय चविष्ट जेवण होतं. गोडा मसाला, ओलं खोबरं, कोथिंबीर, आमसूल, चिंच-गूळ, तिळकूट, जिऱ्याची फोडणी. या घरांतल्या आजींना ‘कांद्याशिवाय ग्रेव्ही कशी दाट करायची’ हे कुणी शिकवावं लागत नाही. दुसरीकडे ठाणे-कल्याणच्या मूळ आगरी-कोळी वस्त्यांतलं जेवण पाहा. तांदळाची भाकरी, भात आणि मासळी. तांदळात आणि माशात फॉडमॅप नाहीच म्हणायला हरकत नाही. अडचण फक्त ठेचलेल्या लसणाची. घाटावरून इथे आलेल्या घरांत ज्वारीची भाकरी आहेच. या पुस्तकातल्या पाककृती याच तीन घरांमधून घेतल्या आहेत. परदेशी पुस्तकांतल्या क्विनोआ आणि बदामाच्या दुधाला इथे जागा दिलेली नाही.

लसणाची गोष्ट जरा जवळून बघण्यासारखी आहे. फ्रुक्टान पाण्यात विरघळतात, तेलात विरघळत नाहीत. त्यामुळे गरम तेलात लसणाच्या अख्ख्या पाकळ्या तांबूस होईपर्यंत परतल्या आणि मग झाऱ्याने काढून टाकल्या, तर लसणाचा वास आणि चव तेलात राहते, फ्रुक्टान पाकळ्यांबरोबर बाहेर जातात. हे पाणी घालण्याआधीच करायला हवं. आमटी उकळल्यावर पाकळ्या वेचून काढल्या तर उपयोग नाही, कारण तोवर जे उतरायचं ते रश्श्यात उतरलेलं असतं. कांद्याच्या पातीचाही असाच उपयोग होतो: हिरवा भाग चालतो, खालचा पांढरा गड्डा नाही. आणि हिंग. हिंगाने कांदा-लसणाची उणीव बरीच भरून निघते, पण दुकानातल्या पिवळ्या डबीवरची बारीक अक्षरं वाचून पाहा. बांधणीच्या हिंगात डिंकाबरोबर बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. आयबीएसवाल्याला चिमूटभर हिंगातल्या गव्हाने काही होत नाही. मात्र ज्याला सिलिअॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार आहे, त्याने तांदळाच्या पिठात बांधलेला हिंगच शोधला पाहिजे.

गव्हाबद्दल सध्या जे ‘ग्लूटेन-फ्री’चं वारं आहे, त्याबद्दलही बोललं पाहिजे. ठाण्याच्या मॉलमध्ये महागड्या पिठांच्या पिशव्या घेणारे पुष्कळ जण मला भेटतात. नॉर्वेतल्या ऑस्लोमध्ये ५९ लोकांवर एक अभ्यास झाला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. हे सगळे स्वतःला ग्लूटेन सोसत नाही असं सांगणारे, पण सिलिअॅक नसलेले लोक होते. त्यांना एकदा ग्लूटेन, एकदा फ्रुक्टान आणि एकदा दोन्ही नसलेली वडी खायला दिली, कोणती कोणती ते न सांगता. त्रास जास्त झाला तो फ्रुक्टानने. म्हणजे यांतल्या पुष्कळांच्या बाबतीत दोषी गव्हातलं प्रथिन नव्हतंच. एक पोळी चालते आणि चार चालत नाहीत, असं ज्यांना जाणवतं, त्यांचा अनुभव याच्याशी जुळतो. मात्र कुणीही गहू बंद करण्याआधी सिलिअॅकची रक्ततपासणी करून घ्यावी. गहू बंद केल्यावर ती तपासणी खोटा दिलासा देऊ शकते.

कडधान्यांचं ओझं आपल्या जुन्या सवयींनीच बरंच हलकं होतं. रात्रभर भिजवणं, ते पाणी टाकून देणं, मोड आणणं, नव्या पाण्यात मऊ शिजवणं, या प्रत्येक टप्प्याला पोट फुगवणारी साखर थोडी थोडी कमी होते. राजमा-छोल्यांपेक्षा मूग बरा. सालीची मूगडाळ घातलेली मऊ खिचडी वाटीभर खाऊन पाहायला हरकत नाही. दुधापेक्षा ताक बरं, कारण विरजणातले जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात. तुपात ते जवळपास नसतंच. चरकसंहितेतल्या चिकित्सास्थानाचा पंधरावा अध्याय ग्रहणीच्या विकारांवर आहे आणि त्यात ताकाला मोठं स्थान आहे. ग्रहणी आणि आयबीएस एकच असा दावा मी करणार नाही, पण जेवणानंतर पातळ ताक घेण्याची आपली रीत टिकवण्यासारखी नक्की आहे. फळांत संत्रं, पपई, अननस चालतात. हापूसमध्ये फ्रुक्टोज जास्त असतं, आणि आमरस-पुरीत त्याला गव्हाची जोड मिळते. मे महिन्यात रसाच्या वाटीऐवजी एखादी फोड, एवढी तडजोड बहुतेकांना जमते.

इथपर्यंतचं सगळं कुठेही सापडतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्याही हेच सांगतात. हे पुस्तक लिहावंसं वाटलं ते यापुढच्या गोष्टीसाठी.

वर्ज्य करणं हा या आहाराचा फक्त पहिला टप्पा आहे. तो चार ते सहा आठवड्यांत संपलाच पाहिजे. त्यानंतर एकेक गट परत आणून पाहायचा असतो: एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस, दररोज प्रमाण थोडं वाढवत, आणि मग काही दिवस थांबून दुसरा. कुणाला लसूण सोसत नाही पण गहू सोसतो. कुणाला दूध चालतं, फ्लॉवर चालत नाही. असं आपलं आपल्याला कळलं, की फक्त तेवढंच कमी करायचं आणि बाकी सगळं ताटात परत घ्यायचं. प्रत्यक्षात घडतं वेगळंच. पहिल्या टप्प्यात बरं वाटलं, की माणूस तिथेच थांबतो. कांदा गेला तो गेलाच, मग डाळी जातात, मग फळं, मग बाहेरचं खाणं, मग बारशाला आणि मुंजीला जाणं. वर्ष-दीड वर्षाने तो दहीभात आणि उकडलेला बटाटा यांवर जगत असतो, वजन घटलेलं असतं, आणि तरीही प्रत्येक घासाला भीती असतेच. पहिल्या टप्प्यातच मोठ्या आतड्यातले बायफिडो जातीचे उपयोगी जिवाणू कमी होतात, हे लंडनमधल्या संशोधनात दिसलेलं आहे. ज्यांनी ही पद्धत शोधली, त्यांनीही ती कायमच्या पथ्यासाठी शोधलेली नाही. म्हणून या पुस्तकाची निम्म्याहून अधिक पानं पदार्थ परत कसे आणायचे यावर आहेत. कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की चातुर्मास पाळणाऱ्या घरात कांदा परत येतो. आजींनी सोडण्याची तारीख जशी ठरवली, तशी परत धरण्याचीही ठरवली होती.

आणि सगळ्यांना एवढं करावंच लागतं असंही नाही. स्वीडनमधल्या ७५ रुग्णांचा २०१५ सालचा एक अभ्यास मला फार मोलाचा वाटतो. निम्म्यांना फॉडमॅप कमी असलेला आहार दिला, निम्म्यांना साधा सल्ला: वेळेवर खा, थोडं थोडं खा, सावकाश चावून खा, चहा-कॉफी, तेलकट आणि पोट फुगवणारे पदार्थ बेताने घ्या. चार आठवड्यांनी दोन्ही गटांत साधारण निम्म्या लोकांना सारखाच आराम पडला होता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेच्या सल्ल्यातही जेवण न चुकवणं आणि चहा-कॉफी दिवसाला तीन कपांवर ठेवणं हे आधी येतं. कल्याण-डोंबिवलीच्या नोकरदाराने सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे. डब्यात पोळीऐवजी भाकरी घालण्याआधी डबा दीड वाजता उघडता येतो का, ते पाहा. पोळी-भाजी केंद्रावरून रात्री भाजी नेताना रश्श्याच्या भाजीऐवजी दुधी, भेंडी किंवा पडवळाची सुकी भाजी मागा.

चोथ्याबद्दल एक गैरसमज पक्का बसलेला आहे. पोट साफ होत नाही म्हणून लोक कोंड्याची बिस्किटं आणि मल्टिग्रेन आटा आणतात आणि पोट आणखी फुगतं. गव्हाचा कोंडा आयबीएसमध्ये बहुधा त्रासच वाढवतो. पाण्यात फुगणारा इसबगोल मात्र जुलाब आणि बद्धकोष्ठ दोन्हींत कामाला येतो. छोट्या चमच्याने सुरू करावा आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यावा.

पुस्तकाचं पुढचं पान उलटण्याआधी हे तपासून पाहा. शौचातून रक्त जातं का? प्रयत्न न करता वजन घटतंय का? रात्री झोपेतून उठून शौचाला जावं लागतं का? ताप, रक्त कमी होणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग? यांपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर हे पुस्तक मिटा आणि डॉक्टरांकडे जा. आपल्या भागात आतड्याचा क्षयरोग आजही होतो आणि सुरुवातीला तो आयबीएससारखाच भासू शकतो. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई रुग्णालय, डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय ही महापालिकांची रुग्णालयं आहेत. खासगी तपासण्या परवडत नाहीत म्हणून थांबून राहू नका. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, किंवा पूर्वी खाण्याच्या भीतीने वजन खूप उतरलं असेल, तर वर्ज्याचा टप्पा एकट्याने करू नका.

घरात स्वयंपाक जिच्या हातात आहे आणि त्रासही जिलाच आहे, तिने स्वतःसाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं असे दोन स्वयंपाक मांडू नयेत. चार दिवसांत ती थकते आणि पथ्य सुटतं. आमटी-भाजी सगळ्यांसाठीच कांदा-लसणाशिवाय करावी. ज्याला हवा त्याने कांदा ताटात कच्चा चिरून घ्यावा, लसणाची चटणी बरणीतून वाढून घ्यावी. हे घरच्यांना तिने नाही, दुसऱ्या कुणीतरी सांगावं. म्हणून पुढचं पहिलं प्रकरण मुद्दाम नवरा, सासू आणि मोठी मुलं यांना उद्देशून लिहिलं आहे.

पहिले पंधरा दिवस खाण्यात काहीही बदल करू नका. शेवटी नोंदींची पानं जोडली आहेत. किती वाजता काय खाल्लं, गाडी कितीची होती, पोट कधी दुखलं, आणि १९९७ साली ब्रिस्टलमध्ये तयार झालेल्या सात चित्रांच्या तक्त्यापैकी मळ कोणत्या चित्रासारखा होता, एवढंच लिहा. लग्नसराईत किंवा गणपतीत वर्ज्याचा टप्पा सुरू करू नका. आणि तो सुरू कराल त्या दिवशी कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण करा, शेजारी लिहा: अर्धी पोळी.